आधी चालणाऱ्याला वाट द्या: स्थानकांचे आराखडे आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
उपनगरी रेल्वे स्थानकांचे आराखडे आखणारे अभियंते, वास्तुविशारद आणि नियोजनकार यांस,



आपल्याला पत्र लिहायचं प्रवाशांच्या सहसा मनात येत नाही. गाडी उशिरा आली की आम्ही स्टेशन मास्तरांच्या केबिनपाशी गर्दी करतो, मेगाब्लॉक लागला की रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो, निवडणूक आली की खासदारांना जाब विचारतो. फलाट किती रुंद ठेवायचा, जिना कुठे उतरवायचा, पुलाचं तोंड कोणत्या बाजूला उघडायचं हे मात्र आपल्या टेबलावर ठरतं, आणि आपण आमच्या तक्रारींच्या टप्प्यात कधी येत नाही. एकदा ठरलेला जिना पुढची पन्नास वर्षं हलत नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

निमित्त आहे ते सध्याच्या पुनर्विकासाच्या लाटेचं. अमृत भारत योजनेत ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या ५०८ स्थानकांच्या कामाची एकदम पायाभरणी झाली. मे २०२५ मध्ये ज्या १०३ स्थानकांचं उद्घाटन झालं, त्यांत मुंबई परिसरातली चिंचपोकळी, परळ, माटुंगा, वडाळा रोड आणि शहाड ही स्थानकं होती. पुढच्या स्थानकांची संकल्पचित्रं वर्तमानपत्रांत येतात, ती मी बारकाईने पाहते. काचेचा दर्शनी भाग, वर दुकानांचे मजले, खाली झाडांच्या कुंड्या, आणि त्यांतून आरामात चालणारी आठ-दहा माणसं. संध्याकाळी सव्वासातची कोणत्याही उपनगरी स्थानकाची गर्दी त्या चित्रांत मला एकदाही दिसलेली नाही. चित्र काढताना जी माणसं दिसत नाहीत, ती आराखड्यातही निसटतात, एवढीच माझी भीती आहे.

माझं म्हणणं मी एका स्थानकाच्या आधाराने मांडते. ते माझं रोजचं स्थानक आहे आणि देशातल्या रेल्वेच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर आहे: ठाणे.

१८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाट जोडणाऱ्या रेल्वेची कल्पना त्यांना सुचली, अशी नोंद आहे. ती कल्पना पुढे नेण्यासाठी जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईकरांनी आपलं वजन आणि पैसा पणाला लावला. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कायदा झाला, ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली, आणि जेम्स जॉन बर्कले या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली रूळ ठाण्याकडे सरकू लागले. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी २१ तोफांच्या सलामीत निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं तिला जोडलेली होती, आत सुमारे ४०० निमंत्रित होते. २१ मैलांचं अंतर तोडून ती ठाण्याला पोचली. भारतातली पहिली प्रवासी गाडी जिथे थांबली, ते हे स्थानक.

हा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या कामाचा तो आहे.

ठाणे हे शेवटचं स्थानक एक वर्षभरच राहिलं. १ मे १८५४ रोजी खाडीवरचे पूल आणि पारसिकच्या डोंगरातले बोगदे ओलांडून गाडी कल्याणला गेली आणि ठाणे वाटेवरचं स्थानक झालं. १९१६ मध्ये पारसिकचा लांब बोगदा जलद गाड्यांसाठी खुला झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. ती चार डब्यांची होती. पुढे डबे नऊ झाले, बारा झाले, २०१२ मध्ये मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल आली. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला आणि नवी मुंबईला जाणारी अनेक माणसं गाडी बदलायला ठाण्यातच उतरू लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्षानुवर्षं रखडलेल्या ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं लोकार्पण झालं.

या साऱ्या टप्प्यांत एक गोष्ट सारखी दिसते. रूळ वाढले, डबे वाढले, वेग वाढला, फेऱ्या वाढल्या. गाडी लांब झाली तेव्हा फलाट लांब झाला, कारण तो लांब केल्याशिवाय गाडी उभीच राहिली नसती. माणसं वाढली तेव्हा मात्र फलाट रुंद झाला नाही, कारण माणसं दाटीवाटीने का होईना, उभी राहतात. गाडीला जागा कमी पडली तर वेळापत्रक कोलमडतं, लगेच दिसतं. माणसाला जागा कमी पडली तर ती त्याच्या बरगड्यांना कळते, कागदावर उमटत नाही. पावणेदोनशे वर्षांत या मार्गावर स्थानक गाडीच्या मापाने वाढत गेलं. माझी मूळ तक्रार हीच आहे, बाकीच्या तिच्याच शाखा आहेत.

पहिली तक्रार फलाटाच्या रुंदीची.

ठाण्याचे पाच आणि सहा क्रमांकाचे फलाट म्हणजे एकाच पट्ट्याच्या दोन कडा. एका कडेला कल्याणकडची फास्ट लागते, दुसरीला मुंबईकडची. संध्याकाळी कर्जत किंवा बदलापूर फास्टची वाट बघत माणसं तीन-चार रांगांत उभी असतात. पहिल्या रांगेची पावलं पिवळ्या पट्ट्यावर, पाठीवरची बॅग पोटाशी घेतलेली, डबा नेमका कुठे येणार हे ज्याला-त्याला खांबावरून पाठ. तेवढ्यात पलीकडच्या कडेला गाडी लागते आणि शेकडो माणसं जिन्याकडे वळतात. उभी असलेली रांग आणि चालणारी रांग यांच्यासाठी जागा एकच. चालणारा माणूस मग कडेकडेने, रुळाच्या बाजूने पुढे सरकतो. कुणी त्याला ढकललेलं नसतं. तिथे चालण्याजोगी दुसरी जागाच नसते.

हे बदलता येतं, हे आपणच दाखवून दिलं आहे. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रूळ बाजूला सरकवले आणि तयार सिमेंटचे ठोकळे बसवून पाच क्रमांकाचा फलाट रुंद केला. त्या तीन दिवसांत लोकांचे हाल झाले, पण काम झाल्यावर कुणी त्याबद्दल कुरकुर केली नाही. त्या कामात रात्रंदिवस राबलेल्या अभियंत्यांना, ट्रॅकमनना आणि मजुरांना मी मनापासून धन्यवाद देते. पण त्याच कामाने एक प्रश्न उभा केला. जे ६३ तासांत होऊ शकत होतं, त्यासाठी प्रवाशांना इतकी वर्षं का थांबावं लागलं? आणि मध्य, पश्चिम, हार्बर मार्गांवर असे आणखी किती अरुंद फलाट आपल्या कपाटात मंजुरीची वाट बघत आहेत?

दुसरी तक्रार जिन्यांची आणि पुलांची.

बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. गर्दीच्या वेळी तिच्यात चार हजारांहून अधिक माणसं असतात. रेल्वेच्याच परिभाषेत याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात: एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली १४ ते १६ माणसं. ठाण्यासारख्या स्थानकात यांतला मोठा भाग एका मिनिटाच्या आत फलाटावर ओतला जातो. त्यांच्यासाठी दोन-तीन जिने. त्याच जिन्यांवरून, त्याच मिनिटाला, पुढची गाडी पकडणारे खाली उतरत असतात. जिन्याच्या मध्यभागी लोखंडी कठडा असतो, वर जाण्याची आणि खाली येण्याची बाजू बाणाने दाखवलेली असते, पण चारशे माणसं वर निघाली की बाण कोण बघतो?

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आपण विसरला नसाल. पाऊस, एल्फिन्स्टन रोडचा अरुंद पूल, आडोशाला थांबलेली माणसं, खालून येणारी गाडीची गर्दी. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे जीव गेले. ते पूल कोसळल्याने गेले नाहीत. पूल जागच्या जागी भक्कम उभा होता. तो फक्त पुरेसा रुंद नव्हता. नंतर लष्कराला पाचारण केलं गेलं आणि एल्फिन्स्टन रोड, करी रोड, आंबिवली या तीन ठिकाणी फेब्रुवारी २०१८ पर्यंत नवे पूल उभे राहिले. काही महिन्यांत तीन पूल. म्हणजे पैसा, लोखंड आणि कसब हे सगळं आपल्याकडे होतं. कमी होती ती घाई, आणि ती यायला २३ माणसं मरावी लागली.

माझं म्हणणं एवढंच की पुलाची रुंदी ठरवताना दिवसभराची सरासरी धरू नका. दुपारी दोनची गर्दी आणि सकाळी नऊची गर्दी यांची सरासरी काढली तर कागदावर पूल प्रशस्त दिसतो. एकाच वेळी दोन गाड्या लागल्या, पाऊस पडतो आहे, एक सरकता जिना बंद आहे, अशा वाईटात वाईट पाच मिनिटांचा हिशेब धरा. आणि जिने फलाटाच्या एका टोकाला एकवटू नका. अडीचशे मीटर लांबीची गाडी रिकामी होते तेव्हा माणसं तिच्या पूर्ण लांबीवर उतरतात.

तिसरी तक्रार, ज्यांना धक्के देत-खात चालणं जमत नाही त्यांची.

फलाटावर पिवळ्या, उठावाच्या फरशांची एक ओळ असते. अंध प्रवासी काठीने किंवा पावलाने ती चाचपत चालतात. एका उपनगरी स्थानकावर मी ती ओळ सरळ जाऊन एका स्टॉलच्या पत्र्याला भिडलेली पाहिली आहे. ओळ टाकणाऱ्याने नियमाप्रमाणे टाकली, स्टॉल मांडणाऱ्याने परवान्याप्रमाणे मांडला, दोघांच्या मधे अंध माणूस उभा. काठी पत्र्याला लागली, तो थबकला, कुणीतरी दंड धरून त्याला वळसा घालून दिला, आणि तो पुढे अपंगांच्या डब्यापाशी वाजणाऱ्या बीपच्या दिशेने गेला. आपल्या दोन नकाशांवर दोन वेगळ्या माणसांनी सह्या केल्या, दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून कुणी पाहिले नाहीत, एवढाच याचा अर्थ.

फलाट आणि डब्याचा उंबरा यांच्यातल्या फटीचंही तसंच. त्या फटीत सापडून माणसं कायमची जायबंदी झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०१४ नंतर एकेक करून मुंबईच्या फलाटांची उंची वाढवण्यात आली. आज चढताना पाय पूर्वीसारखा खोल जात नाही, हे आम्हा बायकांना, म्हाताऱ्या माणसांना रोज जाणवतं. पण न्यायालयाने सांगेपर्यंत ती फट आपल्या मोजपट्टीत का आली नव्हती?

लिफ्ट असते, पण बहुधा फलाटाच्या अशा टोकाला की तिथवर पोचण्यासाठी सगळी गर्दी ओलांडावी लागते. स्वच्छतागृह असतं, पण एखाद्याच फलाटावर. गरोदर बाईने, गुडघे दुखणाऱ्या आजींनी, बाळाला कडेवर घेतलेल्या आईने पूल चढून पलीकडे जायचं आणि पुन्हा पूल उतरून यायचं. बसायला बाकं कमी, कारण बाकांनी गर्दीला अडथळा होतो म्हणे. बाकं अडथळा वाटू लागली, तर फलाट अपुरा आहे असा निष्कर्ष काढायला हवा. आपण बाकं काढायचा निष्कर्ष काढता.

चौथी तक्रार स्थानकाच्या दाराबाहेरच्या शंभर पावलांची.

ठाणे पश्चिमेला सॅटिस या स्थानक परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा उन्नत मार्ग झाला, बसगाड्या वर गेल्या, खाली थोडी मोकळीक मिळाली. ही चांगली कल्पना होती आणि तिचा उपयोगही झाला. पण स्थानकातून बाहेर पडून गावदेवीकडे किंवा पलीकडे कोपरीकडे चालत जाणाऱ्या माणसाला अखंड, सपाट, कोरडा पदपथ आजही सापडत नाही. रेल्वेची हद्द संपते तिथे महापालिकेची सुरू होते, आणि त्या रेषेवर रिक्षा, फेरीवाले, खोदकाम आणि पावसाचं पाणी यांचं राज्य असतं. आपला आराखडा रेल्वेच्या कुंपणापाशी संपतो. प्रवाशाचा प्रवास मात्र घराच्या दारापाशी संपतो. रेल्वे आणि महापालिका यांनी एकाच नकाशावर काम केल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि तो नकाशा एकत्र काढण्याचा आग्रह आपणच धरू शकता.

पाचवी तक्रार इतिहासाची.

देशातली पहिली गाडी जिथे आली, त्या स्थानकावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीला विचारा, इथे काय घडलं होतं? तिला तारीख माहीत असते, पण ती तिला शाळेने सांगितलेली असते. स्थानकाकडून तिला काही कळत नाही. १८५३ चं स्थानक कुठे होतं, खाडीवरचा पहिला पूल कसा बांधला, क्लार्क, बर्कले आणि नाना शंकरशेट कोण, डोंगर फोडणारे मजूर कुठून आले, हे तिला फलाटावर वाचता आलं पाहिजे. गाडीची वाट बघत रोज थांबणाऱ्या लाखो माणसांइतका मोठा वाचकवर्ग महाराष्ट्रात कुठल्या संग्रहालयाला मिळणार आहे?

जुन्या वास्तू जपल्या तर गर्दी सांभाळता येत नाही, असं आपल्यापैकी काहीजण म्हणतात. भायखळ्याकडे बघा. १८५७ च्या सुमाराची ती इमारत रंगांच्या थरांखाली दडली होती. वारसा-संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली तिचं काम झालं, स्थानक चालू राहिलं, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिला गौरव मिळाला. सकाळी नऊला तिथली गर्दी आजही तीच आहे, आणि तिच्या मधोमध जुनं लाकूड, जुनी जाळी, जुने खांब दिमाखात उभे आहेत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, पण त्यामुळे तिथल्या लोकल थांबल्या नाहीत. वारसा आणि वापर एकत्र नांदू शकतात. त्यासाठी आराखडा काढण्याआधी काय जपायचं याची यादी व्हायला हवी. इमारत पाडल्यावर केलेली यादी म्हणजे श्रद्धांजली.

नावांचाही प्रश्न आहे. मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेटांचं नाव द्यावं, असा प्रस्ताव राज्याने मांडला आहे. तो आदर योग्यच आहे. पण नानांनी ज्या गाडीसाठी खटपट केली, ती ठाण्याला आली. त्यांच्या कामाची ओळख ठाण्याच्या फलाटावर करून द्यायला कुठल्याही ठरावाची गरज नाही. एक भिंत आणि नीट लिहिलेला मराठी मजकूर पुरे.

आता पुढचं सांगते, कारण आपल्या हातातलं सर्वांत मोठं काम पुढेच आहे.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर उपनगरी गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची आणि साध्या डब्यांची हवा खेळती राहील अशी रचना करण्याची घोषणा झाली. दरवाजे बंद व्हायलाच हवेत. पण आपण अभियंते आहात, याचा फलाटावर काय परिणाम होईल हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आज गाडी वीस-पंचवीस सेकंद थांबते, सुटताना माणसं लटकतात, आणि फलाट कसाबसा रिकामा होतो. दार बंद झाल्याशिवाय गाडी सुटणार नसेल तर गाडी जास्त वेळ थांबेल, दारात मावली नाहीत ती माणसं फलाटावरच राहतील, आणि पुढच्या गाडीची गर्दी त्यांच्यात मिसळेल. जी गर्दी आज डब्याच्या बाहेर लोंबकळते, ती उद्या फलाटावर उभी राहील. तिच्यासाठी फलाट तयार आहेत का? नव्या डब्यांचं काम आणि फलाटांचं काम वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या वर्षांत करून चालणार नाही.

ठाणे आणि मुलुंड यांच्या मधे नवं स्थानक होणार आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या जागेचा प्रश्न बराच काळ न्यायालयात अडकला होता, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. घोडबंदर रस्त्याकडच्या वस्तीचा भार त्यामुळे जुन्या स्थानकावरून उतरेल. ही जागा १९०१ पासून मनोरुग्णांसाठी होती, हे विसरू नये. तिथल्या रुग्णांची शांतता आणि उपचार यांना धक्का न लागता हे स्थानक उभं राहिलं पाहिजे. आणि या स्थानकावर आपल्या हाती कोरी जमीन आहे. इथे आधी बांधलेला पूल, आधी बसवलेला स्टॉल, आधी अडलेला रस्ता असं काही नाही. जुन्या स्थानकांच्या बाबतीत आपण 'जागाच नाही' असं म्हणता, ते बऱ्याच अंशी खरंही असतं. इथे ते म्हणता येणार नाही.

म्हणून माझ्या विनंत्या थोडक्यात मांडते.

एक: कोणत्याही स्थानकाचा नवा आराखडा मंजूर होण्याआधी त्याच्या सर्वांत वाईट पाच मिनिटांचा गर्दीचा हिशेब जाहीर करा. फलाट, जिने आणि पूल त्या हिशेबात बसले तरच दुकानांच्या मजल्यांचा विचार करा.

दोन: मध्य, पश्चिम, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मार्गांवरच्या अरुंद फलाटांची यादी लोकांसमोर ठेवा, आणि ठाण्याच्या पाच क्रमांकासारखं काम कोणत्या फलाटावर कधी होणार, याचा कार्यक्रम द्या. ब्लॉकचा त्रास आम्ही सोसू. आम्हाला तारीख द्या.

तीन: अंध आणि अपंग प्रवाशांना आराखड्याच्या बैठकीत बसवा. अंध प्रवाशांच्या संघटना या शहरात आहेत. फरशीची ओळ कुठे जायला हवी, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

चार: प्रत्येक फलाटावर स्वच्छतागृह आणि बाकं असू द्या. लिफ्ट गर्दीच्या वाटेवर ठेवा, टोकाला नको.

पाच: स्थानकाबाहेरच्या पदपथाचा आराखडा रेल्वे आणि महापालिका यांनी एकत्र करावा, आणि त्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी द्यावी.

सहा: ठाण्यासारख्या ऐतिहासिक स्थानकाच्या कामात वारसा-तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून असावेत, आणि स्थानकाची गोष्ट फलाटावर मराठीत वाचायला मिळावी.

सात: आराखडे मंजुरीपूर्वी प्रवासी संघटनांना दाखवा. रोज तो जिना चढणारी माणसं आपल्या नकाशातली चूक दहा मिनिटांत दाखवतील, आणि आपला पुढचा पश्चात्ताप वाचेल.

या विनंत्यांत मोठी मागणी कुठलीच नाही. नवी मार्गिका मागितलेली नाही, वातानुकूलन मागितलेलं नाही, भाड्यात सवलत मागितलेली नाही. सकाळी घरून निघालेला माणूस संध्याकाळी तसाच घरी परतावा, एवढीच अपेक्षा आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात. त्यांतली बरीच रूळ ओलांडताना जातात, कारण पूल दूर असतो, अरुंद असतो, किंवा चढण्याची ताकद उरलेली नसते. हा आकडा मोटरमनच्या हातात नाही, तिकीट तपासनिसाच्या हातात नाही. त्याचा मोठा भाग आपल्या टेबलावर ठरतो.

पुढच्या आराखड्यावर सही करण्याआधी एका संध्याकाळी सात ते आठ या वेळेत आपण ठाण्याच्या पाच-सहा क्रमांकाच्या फलाटावर यावं, गणवेश आणि लवाजमा न घेता, तिकीट काढून, आणि गर्दीतून जिना चढून पश्चिमेला बाहेर पडावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे. नंतर जो फलाट, जो जिना आणि जो पूल आपण आखाल, तो आमच्या उपयोगाचा असेल याची मला खात्री आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ठाणे स्थानकावरून ये-जा करणारी
एक पासधारक प्रवासी